योगायोग वजा जाता

मे महिन्यात नागपुरात मेणसुद्धा हट्ट सोडतं.
निखारे पहाटेच येतो, ठोकळे बर्फावर मांडतो
आणि कूलरमध्ये पाणी पडायच्या आत कापून मोकळा होतो.
तीन मायक्रॉन.
कोमट पाण्यावरची ती तरंगती पट्टी
काचेवर उचलताना श्वास धरतो.
एरवी दिवसभर बोलतच असतो.

एकशे वीस काचा. नावं झाकलेली.
बघणारे चौघं: मी, फिरदौस अन्सारी,
धंतोलीचे मुंडले सर, जे रिटायर झाले पण डोळा झाला नाही,
आणि कुंदा ठवरे, आमच्यात सगळ्यात लहान,
जिच्या तोंडून 'कदाचित' मी अजून ऐकलेलं नाही.
एकट्यानं बघायचं, एकट्यानं लिहायचं, पाकीट चिकटवायचं.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात.
आम्ही चौघंच होतो.

घुबडासारखी दोन डोळे वटारलेली पेशी दिसली
की चौघंही हॉजकिन लिहीत होतो.
जिथं जांभळ्या आभाळात पांढऱ्या चांदण्या पडलेल्या,
तिथंही तंटा नव्हता.
तंटा होता मधल्या मुलखात,
जिथं गाठीतल्या मोठ्या पेशी मोजायच्या असतात:
एका नजरेत पंधरापर्यंत, श्रेणी दोन.
सोळावी दिसली, की तीन.

पाकिटं उघडल्यावर भांडलो.
मोठी म्हणजे केवढी?
"शेजारच्या लिंफोसाइटच्या तिप्पट," मुंडले सर म्हणाले.
"शेजारी कोणता धरायचा, ते सांगा," फिरदौस म्हणाली.
कुंदा काही बोलली नाही. तिची सोळावी तिला दिसलेली होती.

आकडेमोड करणारा डोईफोडे कागद घेऊन आला.
शून्य पॉइंट सहा एक. भरीव सहमती, म्हणाला.
डोळे मिटून खुणा केल्या असत्या
तरी काही जुळल्याच असत्या, सर.
तो योगायोग वजा केला. हे उरलं.
"लग्नात एवढं उरत नाही, बाबू," सर म्हणाले,
आणि आम्ही तर्री-पोहे मागवले.

डिसेंबरात त्याच काचा, नवे नंबर.
स्वेटर घालून, हात चोळत, पुन्हा एकशे वीस.
या वेळी डोईफोडेनं मला एकटीला बोलावलं.
मे महिन्यातली चौऱ्याहत्तर आणि आताची एकतीस
ही एकच काच आहे, मॅडम.
तेव्हा तुम्ही दोन लिहिलंय. आता तीन.

तोच मायक्रोस्कोप. त्याच खुर्चीची तीच कुरकुर.
दोन म्हणजे थांबून पाहू.
तीन म्हणजे सोमवारी सलाइन, पुढच्या महिन्यात केस.
मध्ये एक पेशी,
जी उन्हाळ्यात मला लहान वाटली होती.

निखारेला ठोकळा दाखवला.
"कामठीच्या बाईंचा," तो लगेच म्हणाला,
"चरबी लई होती, पट्टी फाटून राहिली होती.
आठ वर्षं झाली जी."
आणि बाई?
त्याला ठोकळे आठवतात. बाईंचं त्याला माहीत नाही.

जुनं रजिस्टर काढलं. सही माझीच.
श्रेणी दोन.
त्याच्या आधी एक शब्द, खोडलेला.
उजेडात धरला तर अजून वाचता येतो.
आणि आठवली ती दारात उभी,
चपला हातात घेऊन, का ते कळेना,
विचारत होती,
"ठरलं का जी मॅडम, कोन्तं हाये ते?"
मी हो म्हटलं होतं.

आमच्या मायक्रोस्कोपला पाच तोंडं आहेत.
पाचवं रिकामंच असतं, त्यावर टोपी घालून ठेवतो.
संध्याकाळी चौघं बसलो, काच मधोमध,
आणि मीच टोपी काढली. निखारेला म्हटलं, बस.
एकवीस वर्षं कापतोयस. बघ.

तो बराच वेळ बघत राहिला. श्वास धरून.
कोणी घाई केली नाही.
मग म्हणाला,
"फाटलेलं नाही कुठंच."
आणि पुन्हा डोळा लावला.